सनद, विद्या आणि उद्योग

‘सनद’ हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. देवळा, कळवण, बागलाण या नाशिक जिल्ह्यांतील भागांत जुनीं दप्तरें बाळगणारांपुढें तो बहुधा इनाम वा वतन या संबंधानें येतो. वकिलास मिळणारी अनुज्ञाही सनदच होय. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘आधार’. आमच्या ताम्रपटांतील ‘शासन’ याचा अर्थ ‘आज्ञा’. दोहोंतही विद्येचा निर्देश नाहीं. प्रौढ मनुष्यास उद्योग मिळणें विद्येवर किती व सनदेवर किती अवलंबून असतें, हें पाहण्यास येथूनच आरंभ करणें सोईचें.

प्रथम वतन घेऊं. कुळकर्णाचें काम लेखन व हिशेब यांचें, म्हणजे विद्येचें. परंतु अधिकार चाले तो वंशपरंपरेनें. वारस अज्ञान वा कामास अपात्र निघाला तरी वतन त्याचेंच राही व काम गुमास्ता करी. १८७४ च्या वतन कायद्यानेंही अशा मुतालिकाची सोय ठेविली होती. म्हणजे सनद एकाची, विद्या दुसऱ्याची. १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनें रद्द झालीं आणि गांवच्या दप्तरावरील वंशाचा हक्क संपला.

याच्या उलट उदाहरण नाशिक येथेंच १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचें. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. ऑक्सफर्ड येथील कायद्याची परीक्षा त्यांनीं १८९२ सालीं दिली, मुंबईची एल्‌एल्‌. बी. १८९७ सालीं आणि अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा १८९९ सालीं. तरी स्त्रियांस वकिलीची अनुज्ञा नसल्यामुळें सनदेचें द्वार बंदच राहिलें. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्यें पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींच्या कामीं त्यांची विद्या उपयोगास आली. वकिलीची आडकाठी कायद्यानें दूर झाली ती १९२३ सालीं. येथें विद्येस तिळमात्र उणेपणा नव्हता. उणी होती ती सनद.

तात्पर्य, विद्या मनुष्यास कामास योग्य करिते, सनद त्यास कामावर बसविते. अमेरिकेच्या श्रमगणनेंत २०१५ पासून व्यवसायाच्या परवान्याविषयीं स्वतंत्र प्रश्न विचारितात. समान शिक्षणाच्या प्रौढांतही परवानाधारक उद्योगांत अधिक आढळतात. मात्र परवान्यामुळेंच ते काम करितात, असें यावरून ठरत नाहीं. काम करणारासच परवाना काढावा लागतो, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे.

संग्राहकांस यांतून एक व्यावहारिक बोध घेतां येईल. वतनाच्या कागदावर केवळ वतनदाराचें नांव टिपून थांबूं नये. ‘दस्तुर खुद्द’ आहे कीं ‘बिकलम’ दुसऱ्याचें, हेंही सूचींत नोंदवावें. सनद वतनदाराचें नांव राखिते. ज्याच्या विद्येवर तें वतन चाललें, त्या गुमास्त्याची खूण बहुधा त्या एका ओळींतच उरलेली असते.