फरशी-टाइल्सचे ठेकेदार: २० रुपयांचा विमा कुठपर्यंत पुरतो?

तुम्ही रायपूर किंवा नवा रायपूरमध्ये फरशी-टाइल्स बसवण्याची कामे घेता आणि दरवर्षी तुमच्या बँक खात्यातून २० रुपये कापले जातात? मग तुम्ही प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत आहात. पण हा विमा फक्त तुमच्या शरीराचा आहे. हाताखालचा बिगारी जखमी झाला किंवा ग्राहकाच्या घराचे नुकसान झाले, तर त्याचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

१. स्वतःसाठी
वय १८ ते ७० असावे. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा दोन्ही पाय कायमचे निकामी झाल्यास २ लाख रुपये मिळतात. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. कटरने नुसते बोट कापले किंवा महिनाभर काम बुडाले, तर काहीही मिळत नाही. दवाखान्याचा खर्चही यात नाही.
विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. मेअखेरीस खात्यात पैसे नसतील तर संरक्षण थांबते. अनेक खात्यांतून हप्ता भरला तरी दावा एकच मिळतो.

२. हाताखालच्या माणसांसाठी
काम करताना मजूर जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई देणे ही कामावर ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे. १९२३ च्या कायद्यापासून हा नियम चालत आला आहे. मजूर ती थेट बिल्डरकडेही मागू शकतो आणि बिल्डर नंतर ती तुमच्याकडून वसूल करू शकतो. ‘रोजंदारीवर होता’ एवढे कारण पुरत नाही.
यासाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे कर्मचारी नुकसानभरपाई पॉलिसी मिळते. मजुरांची संख्या आणि मजुरी खरी सांगा. कमी दाखवल्यास दाव्याच्या वेळी अडचण येते.
१८ ते ६० वर्षांच्या ज्या मजुराने मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, त्याची नोंदणी छत्तीसगडच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात करता येते. मात्र त्या नोंदणीने तुमची जबाबदारी संपत नाही.

३. ग्राहकाचे नुकसान आणि तुमचा माल
फरशी फोडताना पाण्याची पाइप फुटली आणि खालच्या घराचे छत खराब झाले, अशा नुकसानीसाठी ‘तृतीय पक्ष दायित्व’ विमा घ्यावा लागतो. १९९१ चा लोक दायित्व विमा कायदा नावाने सारखा वाटतो, पण तो धोकादायक पदार्थांच्या अपघातांसाठी आहे. तुमचेच सदोष काम पुन्हा करून देण्याचा खर्च या विम्यात सहसा येत नाही.
गोदामातील टाइल्स आणि यंत्रांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आहे. आग, पूर, वादळ यांचे नुकसान त्यात येते. नुसत्या चोरीसाठी वेगळे संरक्षण घ्या.

अपघात झाल्यास
जागेचे फोटो काढा, पोलिसांत नोंद करा, दवाखान्याचे कागद आणि हजेरीची वही सांभाळा. बँकेला किंवा विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. विमा कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर भोपाळ येथील विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. छत्तीसगड त्याच कार्यालयाच्या कक्षेत येते.