वडलांचे कपडे

रात्रीचे नऊ वाजले की न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्डच्या त्या घरातले दिवे मालवले जात. पुढचं दार आतून बंद, म्हणजे उशिरा येणाऱ्याला स्वयंपाकघरातूनच आत यावं लागे. आणि स्वयंपाकघरात अंधारात, हातात सिगारेट आणि समोर बिअरचे सहा डबे घेऊन डग्लस स्प्रिंगस्टीन बसलेले असत. केस वाढवलेला, गिटारच्या नादी लागलेला मुलगा पावलं न वाजवता सटकू बघायचा. हाक यायचीच. मग समोर बसायचं, चेहरा न दिसणाऱ्या माणसाची उलटतपासणी ऐकायची, आणि शेवट ठरलेला: आरडाओरडा.

तो मुलगा म्हणजे अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन. त्याने ही गोष्ट पुढे हजारो लोकांसमोर, दोन गाण्यांच्या मध्ये, वर्षानुवर्षं सांगितली. २०१६ साली आलेल्या ‘बॉर्न टू रन’ या आत्मचरित्रात ती विस्ताराने आली. त्यानंतर ऑक्टोबर २०१७पासून डिसेंबर २०१८पर्यंत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, हजाराहून कमी खुर्च्यांच्या वॉल्टर केर नाट्यगृहात त्याने २३६ प्रयोग केले. एक माणूस, एक गिटार, एक पियानो. मध्येच बायको पॅटी स्कॅल्फा दोन गाण्यांपुरती येऊन जायची. या प्रयोगाच्या सुरुवातीलाच तो एक कबुली द्यायचा. मी आयुष्यात कारखान्याचं तोंड पाहिलेलं नाही, नऊ ते पाच नोकरी केलेली नाही, आठवड्याचे पाच दिवस कामावर जाणं हे या नाटकामुळे पहिल्यांदाच घडतं आहे; आणि तरी मी जन्मभर लिहिलं ते याच गोष्टींवर. लोक हसायचे. पण पुढे वडलांचा विषय निघाला की तोच धागा तो पुन्हा उचलायचा: गाण्यासाठी मला आवाज हवा होता, म्हणून मी वडलांचा घेतला, कामगाराचे कपडे चढवले, कारण ते वडलांचे होते.

माझ्या मते स्प्रिंगस्टीनची साठ वर्षांची कारकीर्द समजून घ्यायला एवढी एक कबुली पुरेशी आहे. स्टेडियम, विक्रीचे आकडे, वीस ग्रॅमी पुरस्कार हे सगळं त्यानंतर येतं.

तर मुळात हे डग्लस कोण? आयरिश-डच वंशाचे, न्यू जर्सीतल्या छोट्या गावचे. गालिच्यांची गिरणी, फोर्डचा कारखाना, बस चालवणं, तुरुंगात पहारा देणं अशी कामं त्यांनी केली, पण कशातच फार काळ टिकले नाहीत. १९२७ साली त्यांची पाच वर्षांची बहीण तीनचाकी सायकलवरून जाताना ट्रकखाली गेली होती. डग्लसच्या आईने, म्हणजे ब्रूसच्या आजीने, ते दुःख कधी उतरू दिलं नाही. नातू जन्मला तेव्हा तिचं सगळं प्रेम त्याच्यावर कोसळलं. आपल्याच घरात, आपल्याच आईच्या मायेत डग्लस पुन्हा मागे पडले. मुलाविषयीच्या रागाचं एक मूळ तिथे होतं, असं मुलानेच नंतर लिहिलं. दुसरं मूळ आजाराचं. बरंच वय झाल्यावर डॉक्टरांनी त्याला नाव दिलं: पॅरॅनॉइड स्किझोफ्रेनिया. तोवर सगळ्यांनी तो स्वभावच मानला होता. ‘त्यांचा स्वभावच तसा’ हे वाक्य किती घरांत किती वर्षं औषधाची जागा अडवून बसतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आई अडेल याच्या अगदी उलट. इटालियन घरातली, वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी, एक दिवस कामाला दांडी नाही, आणि रेडिओ लागला की नाचणार. एल्व्हिस प्रेस्लीला टीव्हीवर पाहून मुलाने गिटारचा हट्ट धरला तेव्हा तिने ती भाड्याने आणून दिली. सात वर्षांच्या पोराचे हात पुरेनात, गिटार परत गेली. पुढे १९६४च्या नाताळात तिने कर्ज काढून साठ डॉलरची जपानी बनावटीची केंट गिटार घेतली.

मराठीत आईवर लिहिण्याची परंपरा दांडगी आहे. बाप मात्र बहुधा ओसरीवर बसलेला. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’सारखं पुस्तक विरळाच. स्प्रिंगस्टीनचं उलटं. वडलांवर १९७८च्या ‘अ‍ॅडम रेज्ड अ केन’ आणि ‘फॅक्टरी’पासून ‘इंडिपेन्डन्स डे’, ‘माय फादर्स हाउस’, ‘वॉक लाइक अ मॅन’पर्यंत गाण्यांची रांग लागते. आईच्या वाट्याला आलेलं ठळक गाणं म्हणजे ‘द विश’, त्या नाताळच्या गिटारबद्दलचं, आणि तेही रेकॉर्ड झाल्यावर दहाएक वर्षं पडून राहिलं. जी घरात उजेड ठेवते तिच्यावर गाणं सुचायला वेळ लागतो, असं दिसतं.

१९६९मध्ये आईवडील धाकट्या बहिणीला घेऊन कॅलिफोर्नियाला गेले. एकोणीस वर्षांचा ब्रूस मागे राहिला, असबरी पार्कच्या किनाऱ्यावरच्या क्लबांत वाजवत. १९७२ साली निर्माते जॉन हॅमंड यांनी त्याला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी निवडलं. पहिल्या दोन रेकॉर्डचं कौतुक झालं, खप झाला नाही. तिसरीच्या शीर्षकगीतासाठी सहा महिने घालवले. ऑगस्ट १९७५मध्ये ‘बॉर्न टू रन’ आली आणि ऑक्टोबरमध्ये ‘टाइम’ व ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात त्याला मुखपृष्ठावर घेतलं. मग व्यवस्थापकाशी कोर्टकज्जा, त्यात गेलेली वर्षं. हा भाग कुठल्याही चरित्रात सापडेल, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचं ते जानेवारी १९८२पाशी. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात, शयनगृहात, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर त्याने एकट्याने गाणी ध्वनिमुद्रित केली. बँडसाठी नमुना म्हणून. स्टुडिओत बँडने ती वाजवून पाहिली, पण जीव येईना. अखेर खिशात वेष्टणाविना फिरवलेली ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ म्हणून बाजारात आली. खुनी, कर्जबुडवे, नोकरी गेलेले कामगार, आणि वडलांच्या घराकडे धावणारं एक पोर, सगळे कुजबुजत्या आवाजात. त्याच वर्षी तिशीतल्या या यशस्वी माणसाला नैराश्याने गाठलं आणि त्याने उपचार सुरू केले. २०२५ साली आलेला ‘डिलिव्हर मी फ्रॉम नोव्हेअर’ हा चित्रपट याच काळावर आहे. रात्री गाडी घेऊन तो फ्रीहोल्डमधल्या जुन्या घरांवरून चकरा मारायचा. तिथे काहीतरी बिघडलं, ते दुरुस्त करायला तू परत जातोस, पण ते आता जमणार नाही, असं मानसोपचारतज्ज्ञाने सांगितल्याची आठवण त्याने पुढे रंगमंचावरच सांगितली.

‘नेब्रास्का’नंतर दोन वर्षांनी ‘बॉर्न इन द यूएसए’. मुखपृष्ठावर अ‍ॅनी लिबोविट्झने काढलेला पाठमोरा फोटो: जीन्स, पांढरा टीशर्ट, मागच्या खिशात लाल टोपी. पुन्हा कामगाराचे कपडे. व्हिएतनामहून परतलेल्या बेकार सैनिकाचं गाणं लोकांनी झेंडे फडकवत गायलं. सप्टेंबर १९८४मध्ये हॅमंटनच्या प्रचारसभेत रोनाल्ड रेगन यांनी स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. दोन दिवसांनी पिट्सबर्गला तो म्हणाला की राष्ट्राध्यक्षांची आवडती रेकॉर्ड ‘नेब्रास्का’ तरी नसावी. आणि मोटारीचा कारखाना बंद पडलेल्या माणसाचं ‘जॉनी ९९’ गायला.

आपल्या देशात तो एकदाच येऊन गेल्याचं मला माहीत आहे: अ‍ॅम्नेस्टीच्या मानवी हक्कांच्या दौऱ्यात, ३० सप्टेंबर १९८८ रोजी, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि युसू एन्दूर यांच्यासोबत. पहिलं लग्न तेव्हा मोडत आलं होतं.

१९९०च्या उन्हाळ्यात त्याला आणि पॅटीला पहिलं मूल होणार होतं. त्याआधी काही दिवस वडील कळवल्याविना लॉस एंजेलिसला त्याच्या दारात हजर. सकाळचे अकरा वाजलेले, टेबलावर बिअर आली. तू आमच्याशी नेहमी चांगला वागलास, असं ते म्हणाले, आणि मी तुझ्याशी तितका चांगला वागलो नाही. मुलगा एवढंच म्हणाला की तुम्हाला जमलं तेवढं तुम्ही केलंत. बस. चाळीस वर्षांच्या अबोल्याचा हिशेब दोन वाक्यांत मिटला. बाप होण्याच्या उंबरठ्यावर वडील आपल्याला सावध करायला आले होते, असा त्याने त्या भेटीचा अर्थ लावला. डग्लस १९९८मध्ये गेले.

नवा बाप म्हणून ब्रूस सुरुवातीला फारसा कामाचा नव्हता. रात्रभर जागायचं, दुपारी उठायचं. सकाळी उठला नाहीस तर मुलांचा सगळ्यात चांगला वेळ तुझ्या हातून जाईल, असं पॅटीने सुनावलं. मग तो लवकर उठून पॅनकेक करायला शिकला. तीन मुलांना बापाच्या गाण्यांचं अप्रूप नव्हतं आणि त्याची त्याला हरकतही नव्हती. पन्नास हजार लोक आईबापाची हुर्यो उडवताना बघायला पोरांना एक वेळ मजा येईल, टाळ्या वाजवताना बघायला कुणाला आवडेल, असं त्याचं म्हणणं.

सगळंच काही गोड नाही. साठी ओलांडल्यावर नैराश्य परत आलं, आणि त्याने तेही लपवलं नाही. २०२१च्या अखेरीस त्याने आपल्या गाण्यांचे हक्क सोनीला विकले. बातम्यांतला आकडा पन्नास कोटी डॉलरच्या आसपासचा. पुढच्या वर्षी दौऱ्याची काही तिकिटं मागणीप्रमाणे चढत हजारो डॉलरवर गेली तेव्हा त्याने ती पद्धत सोडली नाही, उलट समर्थन केलं. १९८०पासून त्याच्यावर निघणारं ‘बॅकस्ट्रीट्स’ हे चाहत्यांचं नियतकालिक त्यानंतर बंद झालं. गिरणीकामगाराच्या दुःखाची गाणी कामगाराला परवडू नयेत, हे मला आजही खटकतं. वडलांचे कपडे घालणाऱ्याला वडलांचा पगार आठवायला हवा होता.

माणसंही गळत गेली. २००८मध्ये त्याच्या बँडमधला डॅनी फेडेरिची, २०११मध्ये सॅक्सोफोनवाला क्लॅरेन्स क्लेमन्स. २०१८मध्ये जॉर्ज थीस गेला आणि शाळकरी वयातल्या ‘कॅस्टाइल्स’ या बँडपैकी एकटा ब्रूस उरला; ‘लेटर टू यू’ ही रेकॉर्ड त्यातून आली. आईला अल्झायमर झाला. नावं विसरली तरी गाणं लागलं की तिचे पाय थिरकत. ३१ जानेवारी २०२४ रोजी, ९८व्या वर्षी ती गेली.

जानेवारी २०२०मध्ये जर्सी सिटीत अग्निशमन दलाच्या नव्या जवानांचा शपथविधी झाला. त्यात स्प्रिंगस्टीनचा धाकटा मुलगा होता. बरीच वर्षं मेहनत करून त्याने हे मिळवलं, आम्हाला अभिमान आहे, एवढंच बाप पत्रकारांशी बोलला. मग इतर आईबापांसारखा पॅटीसोबत तिथे उभा राहिला, गणवेशातल्या मुलाकडे बघत.