एका ग्लास पाण्याचं शूटिंग

एक माणूस खोलीत येतो. दार लावतो, खुर्चीवर बसतो, समोरच्या ग्लासातलं पाणी पितो, उठून खिडकीशी जातो. संवाद नाहीत, गोष्ट म्हणावी अशी गोष्टही नाही. मोबाइल हातात असेल तर हे पाच मिनिटांचं काम. फिल्म शिकणाऱ्या मुलांचे मात्र यात कित्येक दिवस जातात. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एफटीआयआयमध्ये, सुरुवातीच्या अशा सरावाला कंटिन्युइटी एक्सरसाइज म्हणतात. तो उलगडून पाहिला, की ‘ही मुलं तिथे दिवसभर करतात तरी काय’ या पुणेकरांच्या जुन्या शंकेचं बऱ्यापैकी निरसन होतं.

लॉ कॉलेज रस्त्यावरची ही जागा मूळची प्रभातची. 1929 मध्ये कोल्हापुरात निघालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्याला आली आणि 1936 चा ‘संत तुकाराम’ तिने इथेच केला. कंपनी बंद पडल्यावर 1960 मध्ये सरकारने त्याच स्टुडिओत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. टेलिव्हिजन विभाग आला 1974 मध्ये. ‘तुकाराम’चे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. यातले दामले प्रभातचा ध्वनिविभाग सांभाळायचे, फत्तेलाल कलादिग्दर्शन. दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली काम करत करत शिकलेले. शाळा नव्हती तेव्हा एकाच माणसाला दोन-तीन खाती यायची. शाळा आली तशी खाती वेगळी झाली: दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन, अभिनय. आता एका माणसाने पाणी प्यायचं तरी चार खात्यांचे चार विद्यार्थी लागतात.

इथल्या मुलांचं दैनंदिन आयुष्य ठरतं ते या वाटणीमुळे. दिग्दर्शनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा सराव वेगळा असतो, पण राबणारी बॅच एकच. त्यामुळे स्वतःच्या फिल्मवर थोडे दिवस आणि दुसऱ्यांच्या फिल्मवर पुष्कळ, असा हिशेब सगळ्यांच्याच वाट्याला येतो. आज दिग्दर्शक म्हणून मिरवलेला मुलगा उद्या मित्राच्या सेटवर क्लॅप धरून उभा असतो.

काम कागदावर सुरू होतं. त्याला ब्रेकडाउन म्हणतात: प्रसंगाचे शॉट किती, कॅमेरा कुठे, भिंग कुठलं. दिग्दर्शनाचा विद्यार्थी बहुधा उत्साहात वीस शॉट लिहून आणतो. संकलनाची मुलगी विचारते, ‘कट कशावर मारायचा?’ आणि निम्मे शॉट तिथेच गळतात. तिच्या प्रश्नात खोच आहे. माणूस स्थिर बसलेला असताना लांबच्या शॉटवरून जवळच्या शॉटवर गेलो, तर प्रेक्षकाला हिसका जाणवतो. हात ग्लासाकडे निघाला असताना, त्या हालचालीच्या मध्यावर कट मारला, तर प्रेक्षकाची नजर हाताबरोबर जाते आणि जोड लपतो. म्हणजे ग्लास उचलण्याची क्रिया दोन्ही शॉटमध्ये पूर्ण हवी. त्याच हाताने, त्याच वेगाने. ग्लासातल्या पाण्याची पातळी तीच, शर्टाची बाही तेवढीच दुमडलेली. ही नोंद ठेवणारा एक जण वहीत लिहीत असतो आणि फोनवर फोटो काढत असतो. सेटवर सगळ्यांत कंटाळवाणं वाटणारं हे काम. पण एडिटच्या टेबलावर सगळे आधी त्याचीच वही शोधतात.

मग अक्ष. माणूस आणि खिडकी यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा आहे असं धरायचं आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्यायचे. रेषा ओलांडली, तर मघाशी उजवीकडे पाहणारा माणूस पुढच्या शॉटमध्ये डावीकडे पाहायला लागतो आणि त्याने खिडकीकडे पाठ फिरवली की काय, असं वाटतं. उजव्या कडेने फ्रेमबाहेर गेलेला माणूस पुढच्या फ्रेममध्ये डाव्या कडेने आला, तरच तो पुढे चालल्यासारखा दिसतो. हे वाचून पटतं. खोलीत चौघे चार दिशांना उभे राहिले की डोकं फिरतं. मोठमोठ्या दिग्दर्शकांनी हा नियम मोडलाय, असं सांगणारा एक तरी विद्वान प्रत्येक बॅचमध्ये असतो. मोडलाय हे खरंच. पण आधी रेषा कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

शूटच्या दिवशी कॉल पहाटेचा असतो. शॉट गोष्टीच्या क्रमाने घेत नाहीत, उजेडाच्या आणि सोयीच्या क्रमाने घेतात. खिडकी दिसणारे सगळे शॉट आधी, कारण सूर्य थांबत नाही. त्यानंतर कॅमेरा वळवून दाराकडचे. त्यामुळे नट आधी पाणी पिऊन खिडकीशी जातो आणि दुपारी जेवण झाल्यावर दारातून आत येतो. छायालेखनाचा विद्यार्थी तोवर थर्माकोलच्या शीटवरून उजेड परतवत असतो, नको तिथला उजेड कटर लावून अडवत असतो. सकाळचं ऊन आणि चार वाजताचं ऊन एकाच क्षणाचं वाटलं पाहिजे, ही त्याची कंटिन्युइटी.

टेकआधी जो पुकारा होतो त्याला क्रम आहे. आधी ‘रोल साउंड’, मग ‘रोल कॅमेरा’, मग क्लॅप, मग ‘ॲक्शन’. ध्वनी आधी का? टेप स्वस्त होती आणि फिल्म महाग. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला 16 फ्रेम बसतात आणि सेकंदाला 24 फ्रेम पळतात. 400 फुटांचा रोल त्यामुळे जेमतेम साडेचार मिनिटं चालतो. त्यातला एकेक सेकंद वाचवायचा तर कॅमेरा सगळ्यांत शेवटी सुरू करायचा. आता डिजिटल कॅमेऱ्यात कार्ड संपायची धास्ती नाही, तरी पुकाऱ्याचा क्रम टिकून आहे. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर घेतात म्हणून क्लॅप लागतो. पट्टी पाटीवर आपटल्याची नेमकी फ्रेम आणि त्या ‘टक’चा आवाज एकमेकांखाली आणून ठेवले, की दोन्ही जुळतात. पाटीवर सीन, शॉट, टेकचे आकडे असतात. ते खोडून नवे लिहायला विसरणारा माणूस प्रत्येक युनिटमध्ये निपजतोच.

ध्वनीच्या विद्यार्थ्याची बाजू अंमळ विस्ताराने सांगायला हवी, कारण बाकीचे तिला सर्वांत कमी किंमत देतात. शूट संपलं, सगळ्यांना चहा हवा असतो आणि हा म्हणतो, ‘एक मिनिट कुणी हलू नका, रूम टोन घ्यायचाय.’ रिकाम्या खोलीलाही आवाज असतो: पंख्याचा, दूरच्या रहदारीचा, भिंतींचा स्वतःचा. दोन शॉटच्या मध्ये निव्वळ शांतता ठेवली तर आवाज तुटल्यासारखा वाटतो. तिथे त्या खोलीचीच शांतता भरावी लागते. त्यात पुणे काही सोपं शहर नाही. गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू होतो आणि वारा असेल तसा तो कुठवरही पोचतो. वेताळ टेकडीवर मोर आहेत. कथा मुंबईच्या चाळीतली आणि बूम माइकने ऐन शांततेत टिपलेली मोराची केका, यावर उपाय एकच: पुन्हा टेक.

नंतर फॉली. सेटवर धरलेल्या आवाजात पावलं पुसट असतात आणि ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज तर जवळजवळ नसतोच. ते सगळं बंद खोलीत पडद्याकडे पाहत पुन्हा करून घेतात. ग्लास काचेचा की स्टीलचा, टेबल सागवानी की सनमायकाचं, यावरून त्या घरातली माणसं कोण हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. उमेश कुलकर्णी यांची ‘गिरणी’ (2004) ही इथली डिप्लोमा फिल्म. घरात पिठाची गिरणी येते आणि एका शाळकरी मुलाचे दिवस तिच्याभोवती फिरू लागतात. त्या यंत्राची घरघर काढून टाकली तर फिल्मच उरणार नाही. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या धबडग्यात फिल्म पाहायच्या कधी? संध्याकाळी, मेन थिएटरमध्ये. दिवसभर वर्ग आणि शूट, संध्याकाळी पडदा, असा इथला शिरस्ता. पलीकडेच 1964 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पी. के. नायर यांनी जन्मभर डबे जमवून उभं केलेलं. त्यामुळे पुस्तकात वाचलेली फिल्म मोठ्या पडद्यावर पाहण्याचं भाग्य इथल्या पोरांना फार आधीपासून आहे, इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून. फिल्म संपली की चर्चा आंब्याच्या झाडाखाली, ज्याला सगळे ‘विज्डम ट्री’ म्हणतात. साठच्या दशकात दिग्दर्शक ऋत्विक घटक इथे उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. झाडाबद्दलच्या दंतकथा भरपूर आहेत. त्यातल्या निम्म्या सीनियर मंडळींनी ज्युनिअरना भारावून टाकण्यासाठी रचल्या असाव्यात, असा माझा संशय आहे.

चार खात्यांनी एकत्र केलेला हा सराव कुठवर जाऊ शकतो, याचं ताजं उदाहरण 2024 चं. टेलिव्हिजन विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात शेवटी चार शाखांचे विद्यार्थी मिळून एक फिल्म करतात. ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ ही तशीच वर्षअखेरची फिल्म: दिग्दर्शन चिदानंद नाईक, छायालेखन सूरज ठाकूर, संकलन मनोज व्ही., ध्वनी अभिषेक कदम. कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या फिल्मसाठी असलेल्या ‘ला सिनेफ’ विभागात तिला पहिलं पारितोषिक मिळालं. गोष्ट कन्नड लोककथेतली. एक म्हातारी गावाचा कोंबडा चोरते आणि गावात उजाडायचंच थांबतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं मानणाऱ्या आपल्यासारख्यांना ही उलटी चाल भलतीच गमतीची वाटावी. पण जवळजवळ अख्खी फिल्म रात्रीची म्हणजे छायालेखकाची परीक्षा, आणि आरवणं नसलेलं गाव म्हणजे ध्वनीवाल्याची. एकाने कुचराई केली असती तर बाकी तिघांचं काम फुकट गेलं असतं.

आपली पाण्याच्या ग्लासाची फिल्म एवढ्या दूर जात नाही. एडिट होतो, मिक्स होतो आणि शिक्षक, बॅचमेट यांच्यासमोर ती लावतात. काही मिनिटांत संपते. दिग्दर्शकाला खिडकीशी थांबलेल्या माणसाच्या एकटेपणाबद्दल बोलायचं असतं. मागून पहिला प्रश्न येतो, ‘ग्लास भरला कुणी? आधी अर्धा होता.’ वही सांभाळणारा खुर्चीत खाली सरकतो. अक्ष एके ठिकाणी घसरलेला असतो, तेही निघतं. त्यातल्या त्यात कुणीतरी रूम टोनचं कौतुक करतं.

पुढच्या सरावात माणसं दोन असतील आणि ती बोलतील. म्हणजे अक्ष त्या दोघांच्या नजरांमधून जाणार आणि एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याकडे पाहताना डोळे कुठल्या उंचीवर हवेत, याची नवी भांडणं होणार. त्याची तयारी व्हायची तेव्हा होईल. तोवर बॅचमधल्या दुसऱ्या मुलीचं शूट लागलंय, कॉल शीट ग्रुपवर आलंय, आणि काल दिग्दर्शक असलेल्याच्या नावापुढे काम लिहिलंय: बूम, सकाळी सहा.