किल्ली मेमरीत नको

सकाळी ९. हजेरी, रजा आणि खर्चाची बिलं अशी आमची तीन जावा ॲप्स. तिघांची लॉगिनं वेगळी, पासवर्डची टेबलंही वेगळी. आजपासून ओळख पटवण्याचं काम एकाच ऑथरायझेशन सर्व्हरकडे द्यायचं आहे. कीक्लोक तयार मिळतं आणि बहुतेकांनी तेच घ्यावं, असं माझं मत. पण आमचं युजर टेबल जुनं आणि विक्षिप्त, म्हणून स्प्रिंग ऑथरायझेशन सर्व्हर घेतला. २०१९च्या नोव्हेंबरात स्प्रिंगवाल्यांनी असा सर्व्हर आपण बनवणार नाही, असं सांगितलं होतं. लोकांनी इतकी ओरड केली, की २०२०च्या एप्रिलमध्ये त्यांनी प्रकल्प जाहीर केला. १.० आवृत्ती २०२२च्या नोव्हेंबरात आली.

१०. जावा १७, स्प्रिंग बूट ३, एक स्टार्टर. कॉन्फिगमध्ये क्लायंटचा आयडी, सीक्रेट, रिडायरेक्ट यूआरआय, स्कोप. पोर्ट ९०००. सर्व्हर उठला, टोकन मिळालं. शेजारी बसलेल्या ज्युनिअरचा चेहरा खुलला. "ताई, झालं की!" बऱ्याच ट्युटोरियलांचंही इथेच झालेलं असतं.

११:३०. ब्राउझरमधून लॉगिन केलं आणि परत येताना एरर आली: ऑथरायझेशन रिक्वेस्ट नॉट फाउंड. पासवर्ड बरोबर, कोड आलेला, तरीही. कारण साधं आहे. ब्राउझर कुकी होस्टच्या नावावर ठेवतो, पोर्ट बघत नाही. दोन्ही ॲप्स लोकलहोस्टवर, दोघांच्या सेशन कुकीचं नाव एकच, त्यामुळे सर्व्हरच्या कुकीने क्लायंटची पुसली. क्लायंट १२७.०.०.१वर उघडला आणि प्रश्न मिटला. रिडायरेक्ट यूआरआयही तसाच बदलावा लागला. तो अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. शेवटी एक तिरकी रेघ जास्त असली तरी नकार मिळतो, आणि मला हा खडूसपणा आवडतो. थोडी ढिलाई दिली तर कोड भलत्याच पत्त्यावर जाईल.

दुपारी २. जेवून आल्यावर ज्युनिअरने सर्व्हर रीस्टार्ट केला. सकाळची टोकनं घेऊन रजेचं ॲप उघडलं तर ४०१. नवं टोकन घेतलं तर चालतंय. तिला वाटलं, मुदत संपली. मी म्हटलं, "मुदत मघाशी वाढवून ठेवली आहे. टोकनाच्या हेडरमधला किल्लीचा आयडी बघ. आणि सर्व्हर आत्ता कोणती किल्ली देतोय, तेही बघ."

दोन्ही वेगळे. आपण किल्ली दिली नाही, तर स्प्रिंग बूट सुरू होताना स्वतःच आरएसए किल्ल्यांची जोडी बनवतो, तीही फक्त मेमरीत. टोकनावर सही खाजगी किल्लीने होते. रजेचं ॲप सर्व्हरकडून सार्वजनिक किल्ली घेऊन ती सही तपासतं. रीस्टार्टनंतर जुनी जोडी गेली, तिची टोकनंही गेली. रोज सकाळी नवा शिक्का कोरून घेणारं आणि कालचा फेकून देणारं तलाठी कार्यालय कल्पून बघा. कालचे सगळे दाखले आज खोटे ठरतील.

डेव्हलपरच्या मशीनवर ही नुसती कटकट. पण उद्या लोड बॅलन्सरमागे दोन सर्व्हर उभे राहणार, दोघांच्या किल्ल्या वेगळ्या. मग टोकन कधी चालेल, कधी नाही, आणि लॉग वाचणाऱ्याला वेड लागेल. म्हणून किल्ली बाहेरून द्यायची: बंदिस्त कीस्टोअरमधून, दोन्ही सर्व्हरना तीच. रिपॉझिटरीत मुळीच नाही. ती बदलायची वेळ आली, तर जुनी सार्वजनिक किल्ली तिची शेवटची टोकनं संपेपर्यंत प्रकाशित ठेवायची.

४. हेच दुखणं ऑथरायझेशन कोडचंही. तोही मुळात मेमरीतच राहतो. एका सर्व्हरने दिला आणि दुसऱ्याकडे वटवायला गेलो, तर इनव्हॅलिड ग्रँट. जेडीबीसीची टेबलं जोडली: क्लायंट, ऑथरायझेशन, संमती. जाता जाता सीक्रेटपुढचं नूप काढून बीक्रिप्ट केलं.

५. एचआरमधल्या मॅडमचा प्रश्न: "माणूस कंपनी सोडून गेला, तर तुमचं टोकन लगेच बंद होईल ना?" त्यांना आवडलं नाही, पण उत्तर 'नाही' असंच होतं. सहीचं टोकन ॲप स्वतःच तपासतं, दर वेळी सर्व्हरला विचारत नाही. म्हणून मूळ मुदत फक्त ५ मिनिटांची असते आणि रिफ्रेश टोकनची ६०. रिफ्रेश रद्द केलं, की पुढचं टोकन मिळणार नाही. हातातलं मात्र मुदतीपर्यंत चालेल. आज चाचणीसाठी वाढवलेली मुदत त्यांच्यासमोरच पुन्हा ५वर आणली. लगेचच हवं असेल, तर दर विनंतीला सर्व्हरकडे चौकशी करावी लागेल, आणि सर्व्हर बंद पडला तर तिन्ही ॲप्स बंद पडतील. त्यांनी ५ मिनिटं मान्य केली.

६:३०. टेस्टिंगच्या मशीनवर एनजिनएक्समागे सर्व्हर टाकला. बाहेर एचटीटीपीएस, आत साधं एचटीटीपी. त्यामुळे टोकनातला इश्युअर चुकीचा छापला गेला आणि हजेरीच्या ॲपने टोकन नाकारलं. इश्युअर कॉन्फिगमध्ये ठाम लिहून टाकला, फॉरवर्डेड हेडरची सेटिंग चालू केली. हजेरी आणि रजा आता एका लॉगिनवर आहेत. खर्चाचं ॲप अजून जावा ८वर आहे. त्याचं काय करायचं, हे उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये ठरेल.