जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन कोणाच्या हाती द्यावे?

मृगाचा पाऊस तोंडावर आला की चिखलोली परिसरात चिखलणीचे वेध लागतात. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या या पट्ट्यात कारखाने आले, इमारती आल्या, शेती आक्रसली. पण ज्यांची खाचरे शिल्लक आहेत त्यांची लावणी काही थांबत नाही. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की लावलेच पाहिजे. नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर बसला, तर रोप म्हातारे होते आणि उतारा घटतो.

इथल्या एका काकांकडे वडिलांनी घेतलेला जुना बी-२७५ ट्रॅक्टर आहे. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ साली जी कंपनी काढली, तिचे हे मॉडेल. काकांनी इंजिनाचे पूर्ण काम करून आणले, त्याला दोन महिनेही झाले नव्हते.

"साहेब, आणलं तेव्हा कसं झ्याक चालायचं. आता निळा धूर मारतंय आन् ऑइल पाण्यासारखं पितंय."

निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन पुन्हा खोलले. एका निवृत्त टर्नरने बोअर गेज घालून पाहिले, तर चारपैकी दोन सिलिंडर गोलच नव्हते. नव्या रिंगा घातल्या तरी त्या भिंतीला सगळीकडून टेकणार कशा? काका पावती घेऊन त्या दुकानात गेले. पावतीवर एकच ओळ होती: "इंजिन काम, मजुरीसह." माप कुठेच नाही, मग भांडायचे कशावर? पैसे गेले आणि चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर करावी लागली.

यातून घ्यायचा धडा एकच. जो कारागीर आपल्यासमोर माप घेतो आणि ते कागदावर लिहून देतो, तो विश्वासाचा. दुकान मोठे की पत्र्याच्या शेडमधले, याला महत्त्व नाही.

दुकान कसे शोधावे? ज्यांची गाडी रोज कमावते, त्या डंपरवाल्यांना आणि टेम्पोवाल्यांना विचारा. "काम चांगलं करतो का?" असे विचारू नका. "दुसऱ्यांदा त्याच्याकडेच गेलात का?" हे विचारा. दोन वर्षांपूर्वी त्याने केलेले एखादे इंजिन चालू असेल तर जाऊन पाहा. अंबरनाथला १९५३ पासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, आयटीआय आहे. मायक्रोमीटर हाताळण्यात हयात गेलेली माणसे आपल्या शेजारीच राहतात. त्यांचा सल्ला घ्यायला लाजू नये.

दुकानात काय पाहावे? पहिली गोष्ट, सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली, तेही आडवे-उभे दोन्ही दिशांनी घेतले पाहिजे. वरची रिंग जिथून माघारी फिरते तिथे झीज सर्वांत जास्त असते. नुसते बोट फिरवून "वीस थाऊ मारावे लागेल" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.)

दुसरी गोष्ट, पिस्टन आधी आणि बोअरिंग नंतर. हातातला पिस्टन मोजून त्याप्रमाणे सिलिंडर कापायचा असतो. पिस्टन न मागताच बोअर करून ठेवणारा अंदाजाने काम करतो.

तिसरी गोष्ट क्रँकची. ग्राइंडिंगआधी तडा तपासून घ्यावा. सगळी मेन जर्नल एका मापाची आणि सगळी बिग-एंड एका मापाची हवीत. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखलीच पाहिजे. तिथे काटकोन झाला की क्रँक पुढे तिथूनच तुटतो.

चौथी गोष्ट स्वच्छता. होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने घासून धुवावा, ऑइलच्या वाटांचे प्लग काढून त्या साफ कराव्यात. राहिलेली कचकच नवी बेअरिंग खाऊन टाकते.

जुने सुटे भाग परत मागा. बेअरिंगच्या टोप्या ज्या जागेच्या त्याच जागी बसल्या पाहिजेत, म्हणून खोलतानाच खुणा करायला सांगा. नट-बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळलेले बरे.

कागदावर काय हवे? प्रत्येक सिलिंडरचे आधीचे व नंतरचे माप, पिस्टनचे माप, क्रँकचे माप, बदललेले भाग आणि तारीख. ज्या गटांकडे सामाईक ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर आहे, त्यांनी याची एक प्रत दप्तरी ठेवावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही गटांना तशी आठवण द्यावी. पुढच्या वेळी किती कापायला जागा उरली आहे, हे त्यावरूनच कळते.

आणि हे काम मे महिन्यावर ढकलू नका. फाल्गुनात इंजिन खोलले तर पिस्टन शोधायला आणि कारागिराला सवड मिळते. घाईच्या वेळी माप घ्यायला कोणालाच वेळ नसतो.

काकांनी पुढच्या खेपेला तीन दुकाने पाहिली. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने काही बोलण्याआधी गेज काढला आणि वही उघडली. त्या वहीतल्या पानाची नक्कल आता प्लास्टिकच्या पिशवीत ट्रॅक्टरच्या पेटीत असते. धूर मात्र अजून निळा झालेला नाही.