गाडी खाली बसवण्याआधी

स्पोर्ट्स कारच्या मालकाला थोड्याच दिवसांत एक गोष्ट खटकायला लागते: चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट. जाहिरातीतली गाडी जमिनीला चिकटलेली दिसते, दारात उभी असलेली मात्र उगाच उंच वाटते. मग लोअरिंग स्प्रिंगांचा शोध सुरू होतो. शॉकअप मूळचेच ठेवायचे, फक्त स्प्रिंगा बदलायच्या आणि गाडी २० ते ४० मिमी खाली आणायची. पूर्ण कॉइलओव्हर किटपेक्षा खर्च बराच कमी येतो. जर्मनीच्या झाउअरलांड भागातल्या आयबाख आणि एच अँड आर यांच्यासारख्या कंपन्यांनी यात मोठं नाव कमावलं आहे. स्प्रिंगा चांगल्या मिळतात, निवड मात्र बहुतेक वेळा एकाच आकड्यावर होते: किती मिमी खाली?

माझ्या मते हा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. गाडी खाली आल्यावर चाकाला वर सरकायला किती जागा उरते, हे आधी विचारावं. मडगार्डखालची ती फट त्यासाठीच ठेवलेली असते. लोअरिंग स्प्रिंगांबद्दलचे बरेचसे गैरसमज या जागेचा हिशेब न मांडल्यामुळे झालेले आहेत.

हिशेबासाठी टोयोटा जीटी८६ घेऊ. २०१२मध्ये आलेली ही गाडी आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड यांच्यासाठी अशा स्प्रिंगा भरपूर मिळतात. वजन साधारण साडेबाराशे किलो, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे डबल विशबोन. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नाही, पण परदेशातले कितीतरी मराठी शौकीन ती रोज चालवतात. पुण्या-मुंबईतल्या पोलो जीटी किंवा ऑक्टाव्हिया आरएसचा मालकही हाच हिशेब आपल्या गाडीचे आकडे घालून करू शकतो.

‘जितकी खाली, तितकी रस्त्याला धरून’

वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो हे चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. जीटी८६चा गुरुत्वमध्य सुमारे ४६० मिमी उंचीवर आहे आणि चाकांमधलं अंतर साधारण १५३० मिमी. गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट जोराने वळण घेतलं, तर सुमारे ३४० किलो भार बाहेरच्या बाजूला जातो. गाडी २५ मिमी खाली आणली की हाच आकडा सुमारे ३२० होतो. फायदा साधारण पाच टक्क्यांचा. तो खरा आहे, पण गाडीचा स्वभाव पालटावा इतका मोठा नाही. चांगल्या टायरांचा संच यापेक्षा कितीतरी जास्त देऊन जातो.

या हिशेबात स्प्रिंगच्या कडकपणाला कुठेच जागा नाही, हे मुद्दाम पाहा. ‘कडक स्प्रिंग लावली की वजन कमी सरकतं’ हे वाक्य मी अनेक जाणत्या फिटरांकडूनही ऐकलं आहे आणि ते चूक आहे. कडक स्प्रिंगमुळे बॉडी कमी कलते. एकूण सरकणारा भार जवळजवळ तेवढाच राहतो, फक्त त्यातला किती पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या जोडीने, ही वाटणी बदलते. पुढच्या स्प्रिंगा प्रमाणाबाहेर कडक केल्या तर गाडी वळणावर नाक बाहेर काढते, मागच्या केल्या तर शेपूट. म्हणून चार स्प्रिंगांचा संच एकाच कंपनीने त्याच गाडीसाठी जुळवलेला असावा. पुढे एकाची आणि मागे दुसऱ्याची, असा मेळ घालायला जाऊ नये.

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीला आणखी एक धोका आहे. कंपनीच्या उंचीवर लोअर आर्म साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की त्याचं चाकाकडचं टोक तुलनेने वर जातं. त्यामुळे बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर झपाट्याने खाली घसरतो, गुरुत्वमध्य जितका उतरला त्याहून जास्त. दोघांमधलं अंतर वाढलं की बॉडीला कलवणारी तरफही वाढते. म्हणजे गाडी खाली आणून जे मिळवलं, त्यातला काही भाग स्प्रिंगला हे नवं कलणं आवरण्यातच खर्च करावा लागतो. शिवाय चाक दबताना त्याचा वरचा भाग आत झुकायला हवा. तो झुकावही आर्मचा कोन बिघडला की मिळेनासा होतो. मागच्या डबल विशबोनला याचा त्रास बराच कमी. जीटी८६सारख्या गाडीत २० ते २५ मिमीपर्यंत हे सगळं आवाक्यात राहतं. ४० मिमी खाली जायचंच असेल, तर आर्मचा कोन सुधारणारे बदललेले बॉल जॉइंटही लागतील आणि तो खर्च आधीच धरायला हवा.

‘खाली आणि मऊ, दोन्ही मिळतं’

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. ‘आराम कंपनीसारखाच, गाडी ३० मिमी खाली’ असं आश्वासन विक्रेते सर्रास देतात. आता हिशेब मांडू. समजा मूळ गाडीत चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत ५० मिमी जागा आहे. गाडी ३० मिमी खाली आणली की २० उरते. दबलेली स्प्रिंग जी ऊर्जा पोटात घेते, ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अंतर दोन पंचमांश झालं तर पोटात घेता येणारी ऊर्जा मूळच्या फक्त १६ टक्के उरते. स्प्रिंग ३० टक्के कडक घेतली तरी ती २१ टक्क्यांच्या आतच राहते. बाकी सगळा धक्का बंप स्टॉपवर जातो आणि बंप स्टॉपच्या पुढे बॉडी आणि तुमची पाठ.

म्हणून ‘मऊ’ लोअरिंग स्प्रिंग खड्ड्यांच्या रस्त्यावर पुष्कळदा कडक स्प्रिंगपेक्षा जास्त आदळते. पाठीला बसणारा दणका स्प्रिंगच्या कडकपणाचा असतो असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात तो बहुधा जागा संपल्याचा असतो. वळणावर तर हे धोक्याचंही ठरतं. दबलेलं मागचं चाक एखाद्या उंचवट्यावर बंप स्टॉपला जाऊन बसलं, की त्या टोकाचा कडकपणा क्षणात अनेक पटींनी वाढतो आणि मागचा टायर अचानक पकड सोडतो.

बंप स्टॉप कापून जागा करायची युक्ती सर्रास सांगितली जाते. स्प्रिंग बनवणाऱ्याने अमुक मिमी कापा असं लिहून दिलं असेल तरच ते करावं. नाहीतर शॉकअपचा पिस्टन आतल्या तळावर आपटतो आणि सील, रॉड, वरचं माउंट यांची आयुष्यं भराभर संपतात.

‘आकडा मोठा, स्प्रिंग कडक’

डब्यावरचा आकडा असतो किलो प्रति मिमी. तो स्प्रिंगचा आहे, चाकाचा नव्हे. चाक १० मिमी वर गेलं की स्प्रिंग किती दबते, त्या गुणोत्तराच्या वर्गाने आकड्याला गुणावं लागतं. स्ट्रटमध्ये हे गुणोत्तर जवळपास ०.९५ असतं, विशबोनवर आत बसवलेल्या स्प्रिंगचं ०.७५ धरू. आता पुढची स्प्रिंग ३ आणि मागची ४ असली, तर चाकाशी पुढे सुमारे २.७ मिळतात, मागे २.२५. मोठ्या आकड्याची स्प्रिंग प्रत्यक्षात मऊ निघाली. जीटी८६च्या मूळ स्प्रिंगांतही मागचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा आहे, त्याचं कारण हेच.

याहून उपयोगी माप म्हणजे बॉडी सेकंदाला किती वेळा वरखाली डोलते. पुढच्या एका चाकाने पेललेलं बॉडीचं वजन २९५ किलोच्या आसपास धरलं, तर २.७च्या कडकपणाला ती सेकंदाला साधारण दीड वेळा डोलेल. ३० टक्के कडक स्प्रिंगला हा आकडा १.७पर्यंत जातो. आरामदायी सेडान १ ते १.२च्या आसपास असते, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार दीड ते दोनच्या दरम्यान. दोनच्या वरचं जग ट्रॅकचं आहे. रोजच्या गाडीत तिकडे जाण्याचं काही कारण नाही.

मागचा आकडा पुढच्यापेक्षा किंचित जास्त असावा, हे १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने दाखवून दिलं. गतिरोधक आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. मागचं टोक थोडं लवकर डोललं तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडीचं नाक-शेपूट हलणं लवकर थांबतं.

‘प्रोग्रेसिव्ह म्हणजे आरामाची’

जवळजवळ गुंडाळलेले वेढे दिसले की स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह म्हणून विकली जाते. पण अनेक लोअरिंग स्प्रिंगांत ते वेढे गाडीच्या वजनानेच मिटून जातात आणि चालताना स्प्रिंग जवळपास एकाच कडकपणाने काम करते. ते वेढे मुख्यतः दुसऱ्या कामाचे असतात: गाडी जॅकवर उचलली किंवा चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं, तरी आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत घट्ट राहावी.

कापलेली स्प्रिंग नेमकी इथेच नापास होते. सहा कार्यरत वेढ्यांतला एक कापला की कडकपणा २० टक्के वाढतो, म्हणून सुरुवातीला गाडी बरी वाटते. पण टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबताना स्प्रिंग सैल होते आणि गॅस कटरने कापली असेल तर तिथल्या पोलादाचं पाणी उतरलेलं असतं. गाडीखाली अशी स्प्रिंग असूच नये.

‘मूळ शॉकअप लगेच बसतात’

ही भीती अर्धी खरी आहे. लागणारं डॅम्पिंग कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. स्प्रिंग २० टक्के कडक असेल तर डॅम्पिंग साडेनऊ टक्के जास्त हवं. बरे असलेले मूळ शॉकअप एवढं निभावतात. ५० टक्क्यांना मात्र २२ टक्के जास्त लागतं आणि तिथे गाडी उसळत राहते. शॉकअप आधीच बरेच चाललेले असतील, तेल झिरपत असेल, तर नवी स्प्रिंग त्यांच्यावर घालणं म्हणजे पैसे वाया. दोन्ही एकदम बदला. खोलण्याची मजुरी एकदाच पडते.

आपले गतिरोधक आणि आपला कायदा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार साधा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, त्याची त्रिज्या १७ मीटर. २५७० मिमी व्हीलबेसच्या गाडीची पुढची-मागची दोन्ही चाकं त्यावर असतील, तेव्हा मधला उंचवटा पोटाकडे सुमारे ४९ मिमी वर येतो. गाडीचा क्लिअरन्स १३० मिमी असला तर ८१ उरतात, गाडी ३० मिमी खाली आणली तर ५१. सावकाश गेलं तर एवढं पुरतं. खरी अडचण मानक न पाळता रातोरात घातलेल्या अरुंद, उंच गतिरोधकांची. ते दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतात, त्यामुळे त्यांची सगळी उंची पोटाखालून न्यावी लागते. ज्या रस्त्याने रोज जायचं, त्यावरचा सगळ्यात वाईट गतिरोधक मोजून मगच मिमी ठरवा.

‘आरसी बुकात स्प्रिंग लिहिलेली नसते, मग कायद्याचा काय संबंध’ असंही म्हटलं जातं. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ने मालकाने केलेल्या बदलांवर मर्यादा घातल्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये त्या ठामपणे उचलून धरल्या. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जर्मनीत स्प्रिंगसोबत तपासणीचा दाखला मिळतो आणि तज्ज्ञाकडून बदलाची नोंद करून घेता येते. आपल्याकडे तशी रुळलेली वाट नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा.

‘बसवल्या की काम झालं’

उंची बदलली की टो आणि कॅम्बर बदलतातच. टायर आतून खाल्ले गेले की दोष कॅम्बरला दिला जातो, पण ते काम बहुधा बिघडलेल्या टोचं असतं. शंभर-दोनशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसल्या की चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, हेडलाइटचा झोत तपासा आणि गाडीत कॅमेरा-रडारवर चालणारी सुरक्षा यंत्रणा असेल तर ती पुन्हा कॅलिब्रेट करून घ्या.

आर्मच्या बुशांबद्दल फिटरला काम सुरू होण्याआधीच सांगा. बुशचं रबर धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली ठेवताच रबर पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहून काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी हाताने लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी आणि पूर्ण वजन आल्यावरच टॉर्क रेंचने शेवटचे आवळावेत.