मळीच्या व्हिस्कीला परदेशात मान का नाही?



"जगात सर्वांत जास्त खपणाऱ्या व्हिस्कींत भारतीय नावं वरच्या नंबरात आहेत म्हणतात. मग आपल्या मळीला परदेशी भाव का नाही?" असा प्रश्न गटसभांतून अधूनमधून निघतो. प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायला मात्र अमेरिकेपर्यंत जाऊन यावे लागते. (माळकरी सभासदांनी नाक मुरडू नये. येथे दारूची भलावण नाही, मळीचा हिशेब आहे.)

एक टन ऊस गाळला की साखर निघून शेवटी साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. तिच्यापासून आसवनीत दहा लिटरच्या आसपास मद्यार्क निघतो. तो पुन्हापुन्हा शुद्ध करून त्याचा मूळचा वास-चव काढून टाकतात. मग त्यात थोडी माल्ट व्हिस्की, रंग व स्वाद मिसळले की आपल्याकडे बाटलीवर 'व्हिस्की' लिहिता येते. हल्ली धान्याचा मद्यार्कही बराच वापरतात, पण मळीचा आपल्या नियमांना चालतो.

युरोपात तो चालत नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे व्हिस्की धान्याचीच हवी, आणि ७०० लिटरपेक्षा मोठे नाही अशा लाकडी पिंपात ती किमान तीन वर्षे मुरलेली हवी. मळीपासून केलेली दारू तिथे विकता येते, पण व्हिस्की या नावाने नाही. माल वाईट म्हणून नव्हे. नाव दुसऱ्याचे म्हणून.

आता अमेरिकेतली बर्बन बघा. ती मक्याची. आपण जो मका कोंबड्यांच्या खाद्याला घालतो, तोच. स्कॉटलंडची स्कॉच मुख्यतः बार्लीची, म्हणजे सातूच्या जातीच्या धान्याची. तिच्यापुढे बर्बनला परदेशात बराच काळ गोडसर, गावठी समजत. अमेरिकेतही एके काळी कच्च्या मद्यार्कात रंग आणि वाटेल ते मिसळून व्हिस्की म्हणून खपवणारे व्यापारी भरपूर होते. म्हणून १८९७ साली तिथे कायदा झाला : सरकारी देखरेखीच्या गोदामात चार वर्षे मुरवलेल्या मालावर तसे लिहिता येईल, आणि ग्राहकाला ती खूण ओळखता येईल. पुढे बर्बनची व्याख्या पक्की झाली. धान्यात मका कमीत कमी ५१ टक्के, पिंप ओकच्या लाकडाचे, कोरे आणि आतून जाळलेले. १९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने बर्बन ही आपल्याच देशाची खास वस्तू असल्याचा ठराव केला. म्हणजे इतर देशांत कोणी मक्याची दारू काढली तरी तिला तिथे बर्बन म्हणून जागा नाही.

गंमत पुढेच आहे. बर्बनला दर खेपेला कोरे पिंप लागते, म्हणून वापरलेली पिंपे स्कॉटलंडला विकली जातात आणि आजची बरीचशी स्कॉच त्यांतच मुरते. बर्बनला हसणाऱ्यांच्या पेल्यात बर्बनच्याच लाकडाचा वास!

भारतीय माणसाला हे जमत नाही असे मात्र नाही. बंगळूरच्या अमृत कंपनीने बार्लीची सिंगल माल्ट २००४ साली थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली. गोव्यात बनणारी पॉल जॉन २०१२ साली लंडनला पोचली. दोन्हींचे परदेशी जाणकारांनी कौतुक केले. आपल्या उष्ण हवेत पिंपातला माल लवकर मुरतो, पण उडूनही फार जातो, हा त्यातला तोटा. पण या दोन्ही बार्लीच्या आहेत. त्यांच्या नावलौकिकातला एक पैसाही मळीकडे येत नाही.

मळीची स्वतःची दारू म्हणजे रम. युरोपचा कायदाही रमला मळी किंवा उसाचा रसच मागतो. वेस्ट इंडीजच्या बेटांनी उसाच्या जोरावरच रमचे नाव जगभर केले, आणि आपली ओल्ड मंक परदेशात आवडीने घेणारे पुष्कळ आहेत. मळीला परदेशी मान मिळवायचा तर तो या दारातून, असे आमचे मत आहे. पण त्याला वर्षानुवर्षे माल पिंपात अडकवून ठेवायचे भांडवल लागते, आणि सभासदाला तर उसाचे पैसे चौदा दिवसांत हवेत. दोन्हीची सांगड घालणे सोपे नाही.

इकडे धान्याचा जोर वाढतो आहे. खरिपाची ज्वारी पावसात काळी पडली की तिचे काय होते हे लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. २००७ साली राज्य सरकारने ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या प्रकल्पांना अनुदानाचे धोरण आणले, त्यावर मोठा वाद झाला. जून २०२५ मध्ये राज्याने 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा वर्ग काढला, तोही धान्याच्याच दारूसाठी. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचा आयात कर १५० वरून १०० टक्के केला.

राहता राहिले इथेनॉल. पेट्रोलच्या टाकीला मका काय, मळी काय, सारखेच. पण भाव सारखा नाही. २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षात शेवटच्या, म्हणजे सी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे ठरले. मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे.